ताडपत्रीतले पांढरे गोटे

या सदरात लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच ओळीत सांगतात की असल्या गोष्टींवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. पुढे तो कसा बसला हे सांगायला ती ओळ उपयोगी पडते. माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. अडचण एवढीच की जे घडलं ते मला विचारून घडलं नाही... आणि जे त्यानंतर घडलं ते मात्र सगळं मी केलं.

थोडं माझ्याबद्दल. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली आणि गावी परतून देव्हारा रिकामा केला. ज्या दाराने देव गेले त्याच दाराने त्यांच्या मागोमाग भुतंही गेली, असं वडील सांगायचे. म्हणजे मी तिसऱ्या पिढीचा नास्तिक. एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे, प्रताप नगरात राहतो. अधूनमधून वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषणं द्यायला बोलावतात. तिथे दीपप्रज्वलनाच्या वेळी माचिस सापडत नाही, सत्काराची शाल मात्र बरोबर सापडते. या शालींवर मी एक खवचट लेखही लिहिला होता. त्यानंतर दोन ठिकाणी बोलावणं बंद झालं. एका ठिकाणी त्या लेखाबद्दल शाल देऊन सत्कार झाला.

आमचं गाव नागपूरच्या उत्तरेला. कोराडी ओलांडली की सावनेरच्या रस्त्याने काही वेळ जायचं आणि एका फाट्यावर उजवीकडे वळायचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे आता सगळ्यांकडे फोन आहेत. शेतातून दक्षिणेकडे पाहिलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिकडून वारा आला की वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक राख बसते. घरी माझा थोरला भाऊ आणि वहिनी राहायचे. भावाला मी दादा म्हणायचो. त्याची मुलगी लग्न होऊन हुडकेश्वरला असते.

गोष्ट मागच्या ऑक्टोबरमधली. दसरा झाला होता. घराला चुना लावून झाला होता, सोयाबीनची सोंगणी झाली होती आणि कापलेलं सगळं पीक घरामागच्या खळ्यावर गंजी करून ठेवलं होतं. मळणीच्या यंत्राचा नंबर लागायला चार-पाच दिवस होते. अशात एका सकाळी दादाला लकवा मारला. डावी बाजू गेली. दादा डावखुरा होता. वहिनी त्याला घेऊन नागपूरच्या दवाखान्यात गेली, आणि घर सांभाळायला — दुसरा कोणीच मोकळा नव्हता म्हणून — मला बोलावलं.

जाताना वहिनीने ॲम्ब्युलन्सच्या दारातून कामं सांगितली. गाय आणि दोन बकऱ्या. गाद्या-वाकळा उन्हात टाकायच्या. लसणाच्या पाकळ्या फोडून ठेवायच्या, लावायला उशीर होतो आहे. आणि गंजी.

"भाऊजी, सकाळी ताडपत्री काढून गंजीले ऊन दाखवजा. आत दमट राह्यलं तं सोयाबीन गरम होते, काळं पडते. अन् आभाळ आलं का पहिले झाकजा. बाकी सब्बन राहू द्या. वर्षाचं हेच आहे आपलं."

"वहिनी, निश्चिंत जा," मी म्हणालो. निश्चिंत हा शब्द मी भाषणात वापरतो.

दोन दिवस ठीक गेले. शेजारचा रामाजी गाय दोहून द्यायचा आणि माझ्याकडे पाहून हसायचा. "साहेब, बकरीले पुस्तक वाचून दाखवून राह्यले का काय? चारा टाका न गा तिले!" रामाजी दादाच्या वयाचा, तोंडाने फटकळ आणि मनाने सरळ माणूस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ताडपत्री काढायला घेतली. आधीचे दोन दिवस रामाजीनेच काढली-घातली होती. त्या दिवशी तो कळमेश्वरला मुलीकडे गेला होता. इथे दादाची पद्धत सांगणं भाग आहे. ताडपत्रीच्या कडेला दोर ओवायला कड्या असतात, पण सोसाट्याचा वारा आला की त्या फाटून निघतात. म्हणून दादा कडीत दोर ओवायचाच नाही. तो टोकात एक गोटा ठेवायचा, ताडपत्री त्याच्यावर गुंडाळायचा आणि पिशवीची मान आवळावी तसा गोट्यामागे दोर आवळायचा. गोटा काही निसटत नाही, ताडपत्री काही फाटत नाही. दोराचं दुसरं टोक खुंटीला. असे सहा गोटे होते, कन्हानच्या पात्रातून वेचून आणलेले, पांढरे, लिंबाएवढे. दादा डावखुरा असल्यामुळे त्याचे वेढे इतरांच्या उलट्या दिशेने जायचे. रामाजी चिडवायचा, "तुही गाठ सोडायले माणसानं आरशात पाहावं लागते गा!"

मला हे तेव्हा काही माहीत नव्हतं. मी दोर सोडले तसे सहा दगड खाली पडले. मला वाटलं, वजन म्हणून कोणीतरी काहीतरी कोंबलं आहे. खळं स्वच्छ असावं, दगड मळणीच्या यंत्रात जायला नकोत, अशा विचाराने मी ते एकेक करून कुंपणापलीकडच्या तुरीत भिरकावले. चांगले लांब. शाळेत गोळाफेकीत कधी नंबर आला नव्हता, त्याची थोडी भरपाई झाली. ताडपत्रीची घडी केली — ती घडी दिसत नव्हती, पण असो — आणि गोठ्यातल्या माचीवर ठेवली.

दुपारी एकच्या सुमारास वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, इकडे नागपुरात आभाळ भरून येऊन राह्यलं. झाकली काय गंजी?"

मी ओसरीवरून बाहेर पाहिलं. लख्ख ऊन. चिमण्यांच्या मागे थोडं काळं होतं, पण चिमण्यांच्या मागे नेहमीच थोडं काळं असतं.

"झाकतो, वहिनी."

"आत्ताच झाका बरं."

"हो, आत्ताच."

मग मी खाटेवर पडून पुस्तक उघडलं. जाड पुस्तक होतं. माणसं पुराव्याशिवाय गोष्टी का मानतात याच्यावरचं. एक प्रकरण संपवून उठू म्हटलं... आणि झोप लागली.

जाग आली ती टिनावरच्या आवाजाने. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. पाऊस असा की अंगणातलं झाडसुद्धा दिसत नव्हतं. मी अनवाणी धावलो. धावताना डोक्यात एकच वाक्य होतं — वर्षाचं हेच आहे आपलं. माणूस तिकडे दवाखान्यात आडवा पडला आहे आणि त्याचं वर्षभराचं पीक मी पुस्तक वाचता वाचता भिजवलं.

गंजी झाकलेली होती.

नीट झाकलेली. मधोमध एक जुनी खाट उपडी ठेवून ताडपत्रीला उतार दिलेला, पाणी दोन्ही बाजूंनी सरसर खाली जात होतं. सहाही दोर खुंट्यांना ताणलेले. मी भिजत भिजत भोवती फिरलो. प्रत्येक टोकात गोळा होता. एक चाचपून पाहिला. कडक. आत गोटा होता.

पहिला विचार आला की रामाजी आला. हाका मारल्या. "रामाजी! ओ रामाजी!" कोणी नाही. जमिनीवर पावलं पाहिली. पाण्याने सगळं सपाट केलं होतं; होती ती फक्त माझी, आत्ताची. गोठ्यात गेलो, माचीवर ताडपत्री नव्हती. गाय शांतपणे रवंथ करत होती. एकमेव साक्षीदार, आणि तिला काही सांगायचं नव्हतं.

घरात फोन वाजत होता. मी धावत गेलो, धापा टाकत उचलला.

"भाऊजी! पाऊस आहे का तिकडे? झाकली न?" वहिनीचा आवाज रडवेला होता.

"हो. झाकली."

"एकट्यानं?"

आता पाहा, इथे खरं बोलायला फक्त एक वाक्य लागलं असतं. वहिनी, मी झोपलो होतो, पण गंजी झाकलेली आहे, कोणी झाकली माहीत नाही. तेवढंच. माझ्या केसांतून पाणी ठिबकत होतं, छाती धपापत होती. दिसायला मी अगदी गंजी झाकून आलेल्या माणसासारखाच होतो.

"हो," मी म्हणालो. "एकट्याने."

"बाई वं..." ती तिकडे रडायला लागली. "लय उपकार झाले, भाऊजी."

पाऊस थांबल्यावर मी एक टोक सोडून पाहिलं. वेढे उलटे होते. गोटा पांढरा, कन्हानचा. त्याच्या एका बाजूच्या खळगीत काळी माती होती. तुरीच्या शेतात काळी माती आहे. पण तशी ती आमच्या आवारात सगळीकडेच आहे, त्यामुळे यावर मी जास्त भर देत नाही.

तुम्ही विचाराल, फोटो का काढला नाही? विचार आला होता. पण फोटो काढला असता तर तो कोणाला तरी दाखवावा लागला असता, आणि दाखवताना काय सांगणार? 'ही मीच मारलेली गाठ, हिच्यात काय विशेष आहे पाहा'?

संध्याकाळी रामाजी कळमेश्वरहून आला. मी आडून आडून विचारलं, दुपारी इकडे कोणी आलं होतं का.

"मी आत्ता बसमधून उतरून राह्यलो. कोण येते पावसात? वहिनीबाईचा फोन आल्ता मले. तुम्ही एकट्यानं झाकली म्हणे!" त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. "मले वाटलं, हा माणूस फक्त पानं उलटते."

पुढे काय विचारणार? ज्या गोष्टीची चौकशी करायची ती मीच केली असं सांगून बसलो होतो. आयुष्यभर मी लोकांना पुरावा मागत आलो आणि माझ्या वाट्याला एक पुरावा आला तेव्हा मी त्याच्यावर स्वतःची सही करून टाकली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. दादा खाटेवर होता, चेहरा एका बाजूने ओघळलेला. वहिनी मला पाहताच उठली आणि कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली.

"भाऊजी, तुमाले एक सांगतो, हसू नका. काल दुपारी, तुमचा पाऊस चालू व्हायच्या थोडं आधी, यांचा हात हालला."

"कोणता?"

"डावा. मी डोळ्यानं पाह्यलं. चादरीचं टोक घेतलं, त्याच्यात मूठ घातली, अन् गुंडाळत राह्यले, गुंडाळत राह्यले. कपाळावर घाम. मी म्हटलं, काय करून राह्यले जी? तं बोलले नाईत. मंग एकदम हात खाली पडला. डॉक्टरले सांगतलं, तं तो पोरगा म्हणते, मावशी, तुम्ही थकल्या आहात, तुम्हाला वाटलं असेल." तिने माझा हात धरला. तिने माझा हात आधी कधी धरलेला आठवत नाही. "तुम्ही शिकले-सवरलेले. तुम्ही सांगा, हालला असन न? मले खोटं काहून दिसन?"

माझ्या पायाखालची फरशी अगदी स्वच्छ होती, फिनाइलचा वास येत होता, हे आठवतं. हिला 'हो' म्हणायचं तर कालचं सगळं सांगावं लागणार होतं. मी झोपलो होतो हे. मी खोटं बोललो हे. गोटे मी फेकले हे.

"वहिनी," मी म्हणालो, "माणसाला जे बघावंसं वाटतं ते त्याला दिसतं. त्यात चूक काही नाही. मनाचा खेळ असतो."

हे माझ्या भाषणातलं वाक्य. टाळ्या पडतात त्याला.

वहिनीने माझा हात सोडला. "असन," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून आत गेली.

मी दादाजवळ बसलो. त्याची जीभ जड झाली होती, पण लक्ष दिलं की कळत होतं.

"गंजी?" त्याने विचारलं.

"वाचली, दादा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चांगल्या बाजूचा डोळा अगदी स्थिर.

"गोटे... सापडले?"

आता, याचा सरळ अर्थ लावता येतो. गोटे काढल्यावर तो ते कुठल्यातरी टोपलीत ठेवत असेल, आणि ती टोपली मला सापडली का, एवढंच त्याला विचारायचं असेल. मी हा अर्थ स्वतःला शंभरदा सांगितला आहे. आवारात तशी टोपली नंतर शोधली. सापडली नाही, पण एखादी वस्तू मला सापडत नाही याने काहीच सिद्ध होत नाही.

"सापडले," मी म्हणालो.

"बरं झालं, बाबू," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

नवव्या दिवशी दादा गेला. तोवर मी आणि रामाजीने मळणी उरकून घेतली होती. गंजी नव्हती, गाठी नव्हत्या. सोयाबीन कोरडं ठणठणीत निघालं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या शोकसभेला, गाव जमला. वंदना झाली, दोन-तीन जण बोलले. मग वहिनी उभी राहिली. ती कधी चार माणसांत बोललेली नाही. म्हणाली, "यांनी सारी जिनगी पीक सांभाळलं. शेवटचं पीक भाऊजीनं सांभाळलं. एकट्यानं, भर पावसात, यांच्यासारखंच." कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच. पुण्यानुमोदनात टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. त्यानंतर एका वक्त्याने मला 'प्राध्यापक साहेब' म्हणत ग्रामीण आणि शहरी श्रमांच्या मिलापावर दहा मिनिटं भाषण केलं. मी हात जोडून उभा होतो. शाल नव्हती एवढंच. असती तर घेतली असती.

वर्षभर मी या गोष्टीला दुसरी वाट शोधत होतो. झोपेत चालत जाऊन मीच झाकली असेल का? पण मला ती गाठ येत नव्हती, आणि जागा झालो तेव्हा माझे हात-पाय स्वच्छ होते. एखादा वाटसरू? तो तुरीत शिरून सहा गोटे वेचेल, उलट्या हाताने बांधेल आणि न सांगता निघून जाईल? असे वाटसरू मला तरी भेटलेले नाहीत. दुसरे गोटे कुठे होते का? असतीलही. तुरीत मी सोंगणीनंतर दोनदा फिरलो. मी फेकलेले गोटे तिथे दिसले नाहीत. शेत मोठं आहे.

यंदाच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो. वहिनी एकटीच शेत करते, रामाजी मदतीला असतो. पुन्हा तीच गंजी, तेच खळं. परवा दुपारी चारच्या सुमारास चिमण्यांच्या मागे खरोखरच काळं झालं. वहिनी गोठ्यातून ताडपत्री घेऊन आली, ओच्यात सहा गोटे.

"घ्या भाऊजी. मी खाट उपडी ठेवतो वर, तुम्ही टोकं बांधा. मले यांच्यासारखं बांधलेलं पाहू द्या एक खेप."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. तिला खरंच पाहायचं होतं.

मी टोकात गोटा ठेवला, गुंडाळला, दोर आवळला. गोटा निसटून पायावर पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिने तो उचलून दिला नाही. नुसती माझ्या हातांकडे पाहत होती.

"वहिनी, मी झाकली नव्हती," मी म्हणालो. "मी झोपलो होतो. उठलो तेव्हा झाकलेली होती. गोटे मी सकाळीच तुरीत फेकले होते, आणि ते परत टोकांत होते. वेढे उलटे होते."

वारा सुटला होता, ताडपत्री फडफडत होती. तिने वाकून गोटा उचलला. टोकात ठेवला, दोन वेढे दिले, आवळला. तिचे वेढे सुलटे. मग दुसरं टोक. तिसऱ्या टोकाशी ती थांबली.

"म्हणजे हात हालला होता."

"मला माहीत नाही, वहिनी."

"मले माहीत आहे. मले तेव्हाच माहीत होतं." ती गोट्यावरची माती अंगठ्याने पुसत होती. "वरीसभर मी सोताले सांगून राह्यलो, का मी खोटं पाह्यलं. शेवटचं यांचं जे पाह्यलं तेच खोटं. कोणाजवळ बोललो नाई, पोरीजवळ नाई. तुम्ही म्हटलं म्हून. भाऊजी, तुमाले तं ठाऊक होतं. मंग तुम्ही मले काहून म्हटलं, मनाचा खेळ आहे म्हून?"

थेंब पडायला लागले.

"ते टोक धरा," ती म्हणाली. "उडून राह्यलं."

मी टोक धरलं. बाकीचे गोटे तिने बांधले. पावसाच्या आधी सगळं झालं.

मागच्या वर्षी ती गंजी कोणी झाकली, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनाने वाचेन. पण वहिनीने ते विचारलंच नव्हतं. तिने जे विचारलं त्याचं उत्तरही मी दिलेलं नाही... आणि तिथे तर माझ्याकडे भुताचीही सोय नाही.